सनद वाळवीनं खाल्ली : जुन्या काळावरच्या विनोदी पटकथेचे संवाद कसे लिहावेत

माझ्या पहिल्या पटकथेचं वाचन सांगलीतल्या एका हौशी मंडळाच्या तालमीच्या खोलीत झालं. कंपनी सरकारच्या काळातली गोष्ट, विनोदी, उपरोधिक. निदान माझी तशी समजूत होती. चाळीस पानं वाचून होईपर्यंत एकच माणूस हसला, तोही मध्येच उचकी लागलेल्या नटाला. नंतर घरी येऊन मोजलं, तर पहिल्या दहा पानांत "आज्ञा, सरकार" एकोणीस वेळा आलं होतं. मंडळातले एक जुने नट जाताना फक्त एवढंच म्हणाले, "आरं, ह्या सगळ्यांची भाषा एकाच शिंप्यानं शिवलीय काय?"

त्यानंतर पाच खर्डे झाले. या लेखात सांगतो आहे ते त्या पाच खर्ड्यांत शिकलेलं. तुम्ही पहिल्यांदाच असलं काही लिहायला बसला असाल तर निदान दोन खर्डे तरी तुमचे वाचावेत.

उदाहरणासाठी सगळीकडे एकच गोष्ट वापरतो. साल 1852. कृष्णाकाठचं एक काल्पनिक इनाम गाव, आंबेवड खुर्द. तिथले इनामदार स्वतःला संस्थानिक समजतात. कंपनी सरकार इनामाचा पुरावा मागतं आणि सनद वाळवीनं खाल्लेली निघते.

हाताशी काय हवं

- मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश, 1857 ची आवृत्ती. इंटरनेटवर फुकट शोधता येतो. माझा अर्धा संसार यावर चालतो.
- दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश आणि वाक्संप्रदाय कोश. जवळच्या नगरवाचनालयात चौकशी करा, बहुधा धूळ खात पडलेले असतात.
- छापलेली जुनी पत्रं. इतिहासाचार्य वि. का. राजवाड्यांच्या "मराठ्यांच्या इतिहासाची साधने"चे खंड आहेत. आपल्याकडच्या माणसाला त्याहून जवळचे म्हणजे मिरजेच्या वासुदेवशास्त्री खऱ्यांनी पटवर्धनांच्या दप्तरातून छापलेले लेखसंग्रह.
- लावण्या, पोवाडे आणि जात्यावरच्या ओव्या यांचे एकदोन संग्रह.
- जुन्या तिथ्या काढून देणारं पंचांग किंवा तसलं ॲप.
- मोडी वाचणारा एक ओळखीचा माणूस. त्याला चहा पाजत राहा.
- दोनशे पानी वही आणि फोनमधला रेकॉर्डर.

1. साल ठरवा. "पेशवाईचा काळ" हे साल नव्हे

"जुना काळ" एवढ्यावर लिहायला बसलात की पात्रं दूरदर्शनवरची भाषा बोलू लागतात. आकडा पक्का करा. आकडा ठरला की अर्धे प्रश्न आपोआप सुटतात.

मी 1852 का घेतलं? 1848 मध्ये साताऱ्याचं राज्य वारस नाही म्हणून कंपनीनं खालसा केलं. आसपासच्या लहानमोठ्या जहागीरदारांच्या पोटात गोळा आला. 1852 च्या अकराव्या कायद्यानं इनाम कमिशनच्या हातात दांडकं दिलं: तुमचं इनाम खरं कशावरून, कागद दाखवा. कागद नसेल तर इनामावर गदा. पिढ्यान् पिढ्या कागदाकडे ढुंकून न पाहिलेली घराणी माळ्यावरची दप्तरं उपसू लागली. विनोदी लेखकाला याहून जास्त काय हवं?

मग मी शक काढला. 1852 म्हणजे शके 1774. संवत्सराचं नाव निघालं परिधावी. परि अधिक धाव. सगळा गाव सनदेमागं पळतोय आणि पंचांगानं वर्षाला नावच धावाधावीचं दिलेलं! असली भेट साल नेमकं ठरवल्याशिवाय मिळत नाही. गोष्टीतल्या भटजीच्या तोंडी ते वाक्य मी जसंच्या तसं घातलं.

2. वाचा, पण बखर म्हणजे बोलणं असं समजू नका

हा सगळ्यात मोठा खड्डा. मी त्यात गळ्यापर्यंत गेलो होतो.

जुनी पत्रं वाचली की "जाहले", "करोन", "पाविजे", "विज्ञापना ऐसीजे" यांची नशा चढते. मग सगळी पात्रं तसंच बोलायला लागतात. पण ती कारकुनाच्या बोरूची भाषा. घरात बायकोला पाणी मागताना कुणी "उदक पाविजे" म्हणत नसणार. आजच्या सरकारी पत्रातलं "उपरोक्त विषयास अनुसरून" वाचून दोनशे वर्षांनी कुणी आपली प्रेमकथा लिहिली, तर जे होईल तेच इथं होतं.

बोलण्याच्या जवळ जायचं असेल तर महजर वाचा. भांडणतंट्यात पंचांपुढं लोकांनी दिलेल्या जबान्या त्यात असतात, आणि कारकुनानं कितीही इस्त्री केली तरी मधूनच एखादं वाक्य घाम गाळत येतं. लावण्या वाचा, ओव्या ऐका. आपल्या आजीचं बोलणं रेकॉर्ड करा. साताऱ्याकडच्या डोंगरी गावात आणि जतच्या कानडी शिवेवर म्हातारी माणसं अजून जे शब्द वापरतात, ते कोशात शोधून पाहा. बरेच सापडतात.

वाचताना वहीत तीन रकाने करा: कागदावरचे शब्द, तोंडातले शब्द, संशयित शब्द. तिसऱ्या रकान्याबद्दल लगेच सांगतो.

3. संस्कृत म्हणजे जुनं आणि फारसी म्हणजे परकं, हा समज काढून टाका

नवा लेखक ऐतिहासिक लिहायला बसला की आधी "तारीख" खोडून "दिनांक" लिहितो. "अर्ज" खोडून "निवेदन" लिहितो. नेमकं उलटं होतं. तारीख, अर्ज, हुजूर, मसलत, तगादा, सनद, मजकूर हे सगळे फारसी-अरबीतून आलेले शब्द शतकानुशतकं मराठी दप्तरात नांदत होते. "दिनांक" आला सावरकरांच्या भाषाशुद्धीच्या काळात, म्हणजे विसाव्या शतकात. 1852 चा कारकून "दिनांक" म्हणाला, तर त्यानं मनगटावर घड्याळ बांधल्यासारखं आहे.

शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला, त्यात सुमारे 1380 फारसी-अरबी-दखनी शब्दांना संस्कृत पर्याय दिले होते. राज्यकर्त्याला मुद्दाम कोश करावा लागला, यावरूनच दप्तर कुठल्या भाषेत बोलत होतं ते कळतं. आणि पुढं पेशवाईतही फडणीस फडणीसच राहिले, चिटणीस चिटणीसच.

माझ्या तिसऱ्या रकान्यातला आवडता शब्द म्हणजे "समस्या". आज आपण अडचणीला समस्या म्हणतो. जुना अर्थ वेगळा: श्लोकाचा एक तुकडा पुढं टाकायचा आणि उरलेला दुसऱ्यानं पुरा करायचा, ती समस्या. चूक सापडली तेव्हा मी शब्द काढला नाही, त्याचाच प्रसंग केला. कमिशनच्या कचेरीतला नव्या वळणाचा तरुण कारकून म्हणतो, "इनामदार, आपल्यापुढं मोठी समस्या आहे." आणि इनामदारांच्या पदरचे आमचे पंत डोळे मिटून पुढचे दोन चरण रचून देतात. प्रत्येक कालविसंगती काढायचीच असते असं नाही. काहींवर विनोद उभा राहतो. मात्र ती तुम्हाला माहीत असायला हवी. माहीत नसलेली विसंगती ही नुसती चूक.

4. थाट मोठा, ऐवज छोटा

हे कळलं आणि माझी पटकथा हसायला लागली. बाकीचं सगळं घाईत वाचलंत तरी चालेल, इथं जरा थांबा.

विचित्र शब्दांनी फार तर पहिल्यांदा हसू येतं. टिकणारं हसू येतं ते शब्दांचा थाट आणि आतला ऐवज यांच्यात पडलेल्या अंतरातून. जुन्या मराठी पत्रव्यवहारात थाटाला तोटा नाही. "अखंडित लक्ष्मी अलंकृत राजमान्य राजश्री" अशी सुरुवात, मग "येथील कुशल जाणोन स्वकीय लिहीत जाणे", शेवटी "बहुत काय लिहिणे, आपण सुज्ञ असा". या मखरात तुम्ही काय बसवता, ते महत्त्वाचं. पंतांनी कमिशनच्या साहेबाला लिहिलेलं पत्र मी असं केलं:

"विज्ञापना ऐसीजे. सरकारची सनद कळकाच्या नळीत ठेविली होती, तीस वाळवी लागोन गत जाहली. अक्षरे समस्त भक्षिली. शिक्का मात्र सोडिला. यावरून वाळवीही राजनिष्ठ, हे साहेबांचे ध्यानी यावे. सोडिलेला शिक्का सेवेसी रवाना केला असे. मजकूर साहेबी आपले मर्जीने भरोन घ्यावा. बहुत काय लिहिणे."

या पत्रात एकही शब्द मी बनवलेला नाही. सगळा साचा त्या काळचा, बेअब्रू तेवढी माझी.

त्याच प्रसंगाचं बोलणं मात्र असं:

इनामदार : पंत, नेमकं काय खाल्लं?
पंत : मजकूर खाल्ला, सरकार. मोर्तब ठेवलं.
इनामदार : म्हणजे वाळवी जाणती म्हणायची.
पंत : घरचीच आहे, सरकार. तीन पिढ्यांची.
सिदू : आन् भुकेली बी. गावावानीच.

सिदू हा हुजऱ्या. त्याच्या वाक्याला थाट नाही, म्हणून ते टोचतं. वरचे चार संवाद नसते तर त्याचं वाक्य घोषणा झालं असतं. ही रचना लक्षात ठेवा: तीनचार वाक्यं फुगा फुगवायचा, टाचणी एकदाच, आणि ती फुगवणाऱ्याच्या हातात द्यायची नाही.

पटकथा लिहिणाऱ्याकडे नाटकवाल्यापेक्षा एक हत्यार जास्त असतं, ते म्हणजे चित्र. थाट शब्दात ठेवा, ऐवज चौकटीत दाखवा. पंत पाहुण्यांना सांगतात, "हा हत्तीखाना." पडद्यावर भलीमोठी कमान, लोखंडी साखळी, आणि साखळीला बांधलेली शेळी. कुणी काही बोलत नाही. मी पहिल्या खर्ड्यात सिदूच्या तोंडी "पर हितं तर शेळी हाय" असं लिहिलं होतं. खोडलं. प्रेक्षकाला डोळे असतात.

5. मेलेले वाक्प्रचार जिवंत करा

वर्तमानपत्रात रोज "शिक्कामोर्तब" होतं, प्रवासी रोज "वेठीस धरले" जातात, कुणाच्या तरी नावाला रोज "बट्टा" लागतो. हे वाक्प्रचार घासून गुळगुळीत झाले आहेत. पण 1852 मध्ये शिक्का खरा होता, मोर्तब खरं होतं. वेठ म्हणजे मजुरी न देता करवून घेतलेलं काम, तेही खरं होतं. बट्टा म्हणजे एका नाण्याच्या बदल्यात दुसरं घेताना सराफ कापून घेई ती रक्कम. कंपनीनं 1835 पासून आपला एकसारखा रुपया पाडायला घेतला, तरी जुनी नाणी पेटीत होतीच.

म्हणजे तुमच्याकडे फुकटचा दुहेरी अर्थ पडून आहे. आमच्याकडे इनामदार म्हणतात, "घराण्याच्या नावाला बट्टा लागता कामा नये." सराफ निरागसपणे विचारतो, "किती टक्क्यांनी?" त्याला वाक्प्रचार ठाऊक नाही असं नाही. तो धंद्यात आहे.

तसंच "ध चा मा". नारायणराव पेशव्यांच्या खुनाची, 1773 सालची ही दंतकथा: "धरावे"चं "मारावे" झालं. 1852 च्या माणसाला ती ऐकून माहीत असणार. सनदेत एक अक्षर बदललं तर काय होईल, या चर्चेत पंत आवाज खाली आणून म्हणतात, "सरकार, आपल्या मुलखात अक्षर बदलायची परंपरा आहे."

वहीत शंभर वाक्प्रचार उतरवून काढा आणि प्रत्येकापुढं लिहा, ही वस्तू माझ्या सालात होती का? होती तर ती वस्तूच प्रसंगात आणा. नसेल तर वाक्प्रचार हद्दपार. "गाडी रुळावर आली" म्हणता येणार नाही, कारण बोरीबंदर ते ठाणे आगगाडी 1853 च्या एप्रिलात धावली. एक वर्षानं हुकलं! मला फार वाईट वाटलं होतं.

6. प्रत्येकाला स्वतःची जीभ द्या

शिंपी एकच असल्याचा आरोप इथं धुऊन निघतो. प्रत्येक पात्रासाठी वहीचं एक पान ठेवा आणि त्याच्या बोलण्याचे दोनतीन कायदे लिहा. जास्त नकोत, पाळता येणार नाहीत.

इनामदार स्वतःला "आम्ही" म्हणतात, पण पैशाचा विषय निघाला की "मी" वर येतात. एवढा एकच कायदा. नटानं तो पकडला तर दुसरं काही लागत नाही.

पंत सरळ "नाही" कधीच म्हणत नाहीत. "होईल, पण", "मर्जी असल्यास", "तजवीज चालू आहे". वाक्य लांबतं तेव्हा ते खोटं बोलत असतात.

सिदूचं वाक्य सात शब्दांच्या वर जात नाही. इथं एक सावधगिरीची सूचना, जरा कडक शब्दांत. बोलीचाच विनोद करू नका. "व्हय", "न्हाई", "लई" घातलं की प्रेक्षक हसतो, अशी मालिकांनी आपल्याला लावलेली सवय आहे. सातारा-सांगलीत बसून आपण आपल्याच आजोबांच्या जिभेला हसायचं? सिदूची बोली ही पटकथेतली सगळ्यात स्वच्छ भाषा असली पाहिजे. घोळ घालतात ते शिकलेले. अभिवादनाचंही तसंच. त्या काळी मुजरा, रामराम, दंडवत, जोहार यांतून माणसाची जात आणि पायरी कळत असे. हे टाळू नका, पण कुणाच्या जोहाराला हसू येईल अशी चौकटही लावू नका. जोहार घेऊन मान न हलवणाऱ्याला हसू येऊ द्या.

आत्याबाई म्हणीत बोलतात आणि अर्ध्यावर सोडतात. पुरुष माळ्यावर कागद शोधत असतात तेव्हा त्या खाली भाजी निवडत इनामाची चतुःसीमा तोंडपाठ सांगत असतात: वरच्या अंगाला करंज, खालच्या अंगाला ओढा, उगवतीला म्हसोबा. कुणी ऐकत नाही. मला हा प्रसंग सगळ्यात जास्त आवडतो आणि त्यात एकही विनोदी वाक्य नाही.

आणि साहेब. कृपा करून त्याला "टुम काय बोलटा" असं बोलायला लावू नका. मुंबई सरकारनं मोल्सवर्थकडून मराठी कोश करून घेतला तो गोऱ्या अधिकाऱ्यांना भाषा यावी म्हणूनच. म्हणून माझा साहेब पंतांपेक्षा शुद्ध मराठी बोलतो, पण लाकडासारखी. वाक्यातला प्रत्येक शब्द बरोबर, आणि त्या जागी कुठलाच शब्द कुणी वापरणार नाही असा. पंतांच्या पत्रातली चूक तो कोश उघडून दाखवतो. त्याच्या टेबलावर 1831 ची पहिली आवृत्ती ठेवा. 1857 ची अजून छापायची आहे.

7. नवे शब्द पाडा, पण मराठीच्या टाकसाळीत

मराठी माणसाला परका शब्द हाती लागला की तो त्याला मुरड घालून घरचा करतो. वडगावच्या लढाईच्या वेळी, 1779 मध्ये, कॅप्टन स्टुअर्ट नावाचा इंग्रज मारला गेला. आपल्या लोकांनी त्याला नाव ठेवलं इष्टूर फाकडा. स्टुअर्टचा इष्टूर, आणि शौर्य पाहून वर फाकडा ही पदवीही दिली, तीही शत्रूला. लॉर्डचा लाट झाला. कंपनीचं कुंपणी झालं. "कुंपणी सरकार" कानावर पडलं आणि माझ्या डोक्यात लगेच म्हण वाजली. सिदूला बोलायला लावलं, "कुंपणी सरकार हाय न्हवं? मग शेत खाणारच की." म्हण मी पुरी लिहिली नाही. मराठी प्रेक्षक ती मनात पुरी करतो, आणि स्वतः पुऱ्या केलेल्या विनोदाला माणूस जास्त हसतो.

शब्द पाडायचे तर प्रत्यय भाषेतले घ्या. -दार, -खोर, -गिरी, -बाज, -खाना, -नीस. यातला -नीस म्हणजे फारसी नवीस, लिहिणारा. फडणीस, चिटणीस याच ओळीतले. यावरून मला माझं लाडकं पात्र मिळालं: वाळवीनीस. सनद खाल्ली गेल्यावर इनामदार नवं पद निर्माण करतात. वाळवीनं रोज काय खाल्लं त्याची नोंद ठेवायची, दरमहा तीन रुपये. मग त्याला पागोटं मिळतं, मग तो हे पद वंशपरंपरेनं मागतो. आणि शेवटी कमिशन विचारतं, वाळवीनीशीची सनद कुठं आहे?

माझे नियम असे. सबंध पटकथेत पाडलेले शब्द चारपाचाच्या वर नकोत. शब्द पहिल्या ऐकण्यात कळला पाहिजे. कुणाला समजावून सांगावा लागला तर मोडून टाका. पात्रांनी तो शब्द ऐकून हसायचं नाही. त्यांच्या जगात वाळवीनीस हा मामलेदाराइतकाच गंभीर माणूस आहे. आणि शब्दाला काम द्या. नुसता गमतीचा शब्द दुसऱ्यांदा आला की शिळा लागतो, कथेत काम करणारा शब्द दरवेळी थोडा मोठा होत जातो.

8. चाळणी लावा

हे कंटाळवाणं काम आहे, एका बैठकीत उरकून टाका. मिनिटांच्या जागी घटका आणि पळं. घटका म्हणजे 24 मिनिटं, पळ म्हणजे 24 सेकंद. म्हणून "पळभर थांब" हे "मिनिटभर थांब"ला चांगलं चालतं. अंतर कोसात. उठसूट "धन्यवाद" म्हणण्याची चाल अलीकडची, ते सगळे काढा. चहा देऊ नका, ताक किंवा गूळपाणी द्या. हातानं लिहिलेला कागद पडद्यावर दिसणार असेल तर तो मोडीत हवा. कलाविभाग संगणकावरच्या देवनागरी अक्षरात सनद छापून आणतो आणि तुमची मेहनत एका चौकटीत पाण्यात जाते. तो मोडीवाला मित्र इथं लागतो. चहा वसूल होतो.

खरी आडनावं, खरी गावं तपासा. आपल्या भागात दर चार कोसांवर एक वाडा आहे आणि प्रत्येक वाड्याला वारस आहेत. आंबेवड खुर्द हे नाव मी त्यासाठीच घेतलं. शिवाय संस्थानाच्या नावात "खुर्द", म्हणजे धाकटं, असणं, यातच इनामदारांचं सगळं दुःख आलं.

9. मोठ्यानं वाचा, आणि नटाला जागा ठेवा

1843 मध्ये सांगलीत विष्णुदास भाव्यांनी सीतास्वयंवर केलं, तेव्हा पद्य सूत्रधार म्हणे आणि गद्य संवाद नट आपल्या बुद्धीनं जागेवर बोलत. तमाशातली बतावणीही अशीच उभ्या उभ्या रंगते. आपल्या भागातल्या नटांच्या रक्तात हे आहे. म्हणून मी आता काही जागी संहितेत लिहूनच ठेवतो, "इथं सिदूला दोन वाक्यं मोकळी." दिग्दर्शकाला मात्र आधी सांगा, नाहीतर तो घड्याळ बघत बसतो.

वाचायची माझी जागा म्हणजे हरिपूरची वाट. संध्याकाळी संगमाकडे चालत जायचं आणि सगळी पात्रं आपणच बोलायची. वाक्य मध्ये श्वासाला अडलं तर तिथं खूण करायची. लोक बघतात. बघू द्या. एकदा मागून येणाऱ्या एका काकांनी विचारलं, "कुठली सनद हो? आमच्या पण सातबाऱ्याचा घोळ आहे." तो प्रश्न पटकथेच्या तिसऱ्या भागात आहे.

एकाच सुरात चाललेलं पान लगेच कळतं, कारण तुमचाच आवाज कंटाळतो. पंतांचं लांब वाक्य, मग सिदूचे तीन शब्द, मग शांतता. कागदावर शांतता दिसत नाही, म्हणून ती लिहा.

10. स्वतःच्या कागदांना वाळवी लागू देऊ नका

प्रत्येक खर्डा तारीख घालून वेगळा जपा. कुणालाही पाठवण्याआधी मुंबईच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनकडे नोंदवा, सभासद होऊन ऑनलाइन करता येतं. करारात कथा, पटकथा आणि संवाद यांची श्रेयं वेगवेगळी लिहून घ्या. आणि एक कलम आवर्जून मागा: बोली बदलायची झाल्यास लेखकाला विचारून. एका निर्मात्याच्या माणसानं, नाव सांगत नाही, "सगळ्यांना कळावं" म्हणून सिदूचे संवाद प्रमाण मराठीत करून घेतले होते. "भुकेली बी" चं "आणि क्षुधार्तही" झालं होतं. मला ते मेलवर कळलं. करारात कलम नव्हतं. तीन आठवडे भांडून दोन वाक्यं परत मिळाली.

पाचव्या खर्ड्याचं वाचन त्याच खोलीत झालं. शिंप्याबद्दल बोलणारे ते जुने नट याही वेळी होते, पंतांचं काम त्यांनीच वाचलं. संपल्यावर चष्मा पुसत म्हणाले, "बाकी ठीक आहे. वाळवीनीसाला पगार कमी वाटतो."

मी तीनाचे साडेतीन केले.